एडिटिंगचा वेळ माऊस खातो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लगीनसराई संपली की गावोगावच्या स्टुडिओंत दुसरी सराई सुरू होते. शूटिंग उरकलेलं असतं, मेमरी कार्डं भरलेली असतात आणि मुलीचे वडील दिवसाआड फोन करून विचारतात, ‘‘कॅसेट कधी देताय?’’ (कॅसेट जाऊन जमाना झाला, शब्द मात्र अजून गेला नाही.) करिअरच्या पुरवण्यांमधून अलीकडे व्हिडिओ एडिटिंगवर बरंच छापून येतं. रॅम किती हवी, ग्राफिक कार्ड कोणतं, लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, याची चर्चा भरपूर असते. काम चालू असताना एडिटरचा डावा हात काय करत असतो, यावर मात्र एक ओळ नसते. बहुतेक नवशिक्यांचा तो मांडीवर असतो. हे पत्र त्या हाताबद्दल, म्हणजे माऊसऐवजी कीबोर्डच्या शॉर्टकटवर एडिटिंग करण्याबद्दल आहे.

एक साधं काम घेऊ. मुलाखतीत मध्येच पाच सेकंदांची शांतता आहे, ती काढायची. अडोबीच्या प्रीमिअर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसवर काम करणारा टूलपट्टीत जाऊन ब्लेड उचलतो, शांततेच्या सुरुवातीला कट मारतो, शेवटाला दुसरा मारतो. परत टूलपट्टीत जाऊन बाण घेतो, मधला तुकडा निवडून डिलीट करतो आणि मग उरलेली मोकळी जागा निवडून तीही डिलीट करतो. प्रत्येक फेरीत नजर टाइमलाइनवरून (क्लिपा ओळीने मांडलेल्या पट्टीवरून) उठते, पडद्याच्या कडेला जाते आणि परत येऊन आपली जागा शोधते. एका कटामागे सहा सेकंद जरी जास्त गेले आणि तासाभराच्या भाषणात असे ४०० कट असले, तर २४०० सेकंद होतात. ४० मिनिटं नुसती ये-जा करण्यात गेली. ही ४० मिनिटं नव्या ग्राफिक कार्डाने परत मिळत नाहीत.

आता तेच काम कीबोर्डवर. कीबोर्डवरच्या ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला न बघता लागावा म्हणून. उजव्या हाताची तर्जनी ‘जे’वर ठेवा, मधलं बोट ‘के’वर, अनामिका ‘एल’वर. ‘एल’ने व्हिडिओ पुढे चालतो, ‘के’ने थांबतो, ‘जे’ने उलटा चालतो. ‘एल’ दोनदा दाबला की वेग वाढतो. ‘के’ दाबून धरून ‘एल’ला नुसती टिचकी मारली की एक फ्रेम (व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) पुढे आणि ‘जे’ला मारली की एक फ्रेम मागे. ‘के’सोबत ‘एल’ किंवा ‘जे’ दाबून धरला की चित्र हळूहळू सरकतं. ‘आय’ आणि ‘ओ’ म्हणजे हव्या भागाची सुरुवात आणि शेवट; तेही याच बोटांच्या डोक्यावर, वरच्या ओळीत. प्रीमिअर, दाविंची रिझॉल्व्ह, फायनल कट, ॲव्हिड, एडिटिंगच्या या सगळ्या सॉफ्टवेअरांत ‘जे-के-एल’ हेच काम करतात. सॉफ्टवेअर बदललं तरी ही सवय फुकट जात नाही.

डावा हात ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’वर. प्रीमिअरमध्ये ‘क्यू’ दाबलं की मागच्या कटापासून प्लेहेडपर्यंतचा (आपण जिथे आहोत ते दाखवणाऱ्या उभ्या रेघेपर्यंतचा) भाग उडतो आणि पुढचं सगळं सरकून येऊन चिकटतं. ‘डब्ल्यू’ उलट: प्लेहेडपासून पुढच्या कटापर्यंतचं उडवतं. वाक्य संपलं तिथे ‘कंट्रोल-के’ दाबून कट मारा. ‘एल’ दाबून शांतता चालू द्या. पुढचं वाक्य सुरू झालं की ‘के’, मग ‘के’ धरून ‘जे’च्या तीन-चार टिचक्या, म्हणजे प्लेहेड शब्दाच्या आधी येऊन उभा राहील. आता ‘क्यू’. शांतता गेली, जोडही झाला, मोकळी जागा राहिलीच नाही. माऊसला हात लावलेला नाही. पहिली कापणी, जिला आपल्याकडे रफ कट म्हणतात, ती पूर्ण अशी करता येते.

इथे एक बारकावा. नवशिके आवाजाच्या आलेखावर डोळे लावून, जिथे उंची सुरू होते तिथेच कट मारतात. ‘प’, ‘त’, ‘क’ने सुरू होणाऱ्या शब्दांना ते चालून जातं. ‘ह’, ‘स’, ‘श’ची सुरुवात नुसत्या हवेची असते, आलेखात ती जवळपास सपाट दिसते. तिथे उंची बघून कापलं की ‘हळद’चं ‘अळद’ होतं. वाक्याच्या शेवटीही तेच. मराठी वाक्य बहुधा ‘आहे’वर संपतं आणि बोलणारा ते ‘हे’ तोंडातल्या तोंडात सोडतो. आलेख खाली आला म्हणून कापलं की माणूस ‘आ’वरच तुटतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. वाक्याच्या आधी तीन आणि नंतर चार-पाच फ्रेम सोडल्या की श्वास राहतो आणि जोड कानाला टोचत नाही. फ्रेम-फ्रेम मोजायला बोटंच हवीत. माऊसने प्लेहेड ओढून तीन फ्रेम मागे जाणं म्हणजे चिमट्याऐवजी सांडशीने काटा काढणं.

‘क्यू-डब्ल्यू’चा धोकाही सांगायला हवा, कारण कामाची वाट लागते ती इथेच. पुढचं सगळं सरकवणारं हे बटण आहे. खालच्या ट्रॅकवर (टाइमलाइनच्या थरावर) आधीच गाणं अंथरलेलं असेल तर गाण्याचेही तुकडे पडू शकतात. गाण्याच्या ट्रॅकला कुलूप घातलं तर गाणं जागचं हलत नाही, पण वरचं चित्र सरकतं. मग अंतरपाट दूर होण्याच्या क्षणावर बसवलेला सनईचा सूर सप्तपदीत वाजतो. उपाय शॉर्टकटमध्ये नाही, कामाच्या क्रमात आहे: आधी बोलणं आणि प्रसंग कापून घ्या, लांबी ठरू द्या, मगच संगीत आणि शीर्षकं टाका. संगीत टाकून झाल्यावर कापायची वेळ आलीच तर ‘क्यू’ला हात लावू नका. नुसतं डिलीट करून मोकळी जागा राहू द्या आणि ती दुसऱ्या चित्राने भरा.

‘कंट्रोल-के’ फक्त त्या ट्रॅकवर कट मारतो, ज्याच्या डोक्यावरचं व्ही-१ (चित्राचा पहिला ट्रॅक), ए-१ (आवाजाचा पहिला) असं चिन्ह निळं आहे. ‘कट पडतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथे संपते. सगळ्या ट्रॅकवर एकदम कट हवा असेल तर ‘कंट्रोल-शिफ्ट-के’. ‘सी’ दाबून ब्लेड घेतलं की काम झाल्यावर ‘व्ही’ दाबून बाणावर परत येणं ही शिस्तच हवी. ती विसरली की पुढची प्रत्येक क्लिक म्हणजे नकळत पडलेला कट. असे पोकळ कट शोधायचे तर टाइमलाइनच्या पान्याच्या चिन्हाखाली ‘शो थ्रू एडिट्स’ चालू करा. मग जोडावर खूण दिसते आणि राइट-क्लिक करून तो कट परत सांधता येतो.

मराठी माणसाची खास अडचण मात्र वेगळी आहे आणि ती कुठल्याच इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये नाही. शीर्षकासाठी मराठी कीबोर्ड चालू केला, ‘चि. सौ. कां.’ टाइप केलं आणि कीबोर्ड तसाच राहिला. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत ‘जे-के-एल’ म्हणजे ‘र-क-त’. काही सॉफ्टवेअरं कुठलं बटण दाबलं ते बघतात, त्यांना फरक पडत नाही. काही मात्र बटणातून निघालेलं अक्षर बघतात, आणि त्यांच्या यादीत ‘र’ नावाचा शॉर्टकट नसतो. फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा) असेल तर तो दाबलेलं अक्षर आधी स्वतःकडे घेऊन शब्द जुळवायला बसतो. डीटीपीच्या कामासाठी मागे चालू ठेवलेली मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरंही असाच घोळ घालतात. एडिटरला वाटतं सॉफ्टवेअर अडकलं. तो ते बंद करून उघडतो, कधी तर पुन्हा इन्स्टॉल करतो. शॉर्टकट अचानक मुके झाले की सगळ्यांत आधी टास्कबारच्या कोपऱ्यात बघा: इंग्रजीऐवजी मराठीची खूण आहे का? असेल तर विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून परत या.

ही अदलाबदल चुकूनही होते. विंडोजमध्ये दोन भाषा टाकलेल्या असल्या की डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडल्यावर भाषा बदलू शकते, आणि एडिटिंगमध्ये हे दोन्ही सतत बोटाखाली असतात. प्रीमिअरमध्ये क्लिप पाच फ्रेम सरकवायची तर ‘ऑल्ट-शिफ्ट’ आणि बाण लागतो. बोट बाणावर पोहोचायच्या आत सुटलं की मराठी चालू. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज या वाटेने जा. तिथून ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडून भाषा बदलण्याची ही जोडी ‘नॉट असाइन्ड’ करून टाका. विंडोज-स्पेस चालू राहतंच, ते पुरेसं आहे. त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याची चौकट आहे, तिलाही टिक करा. मग नोटपॅड मराठीत आणि प्रीमिअर इंग्रजीत, असे दोघे आपापल्या घरी राहतात.

शीर्षकं नोटपॅडमध्येच लिहा, युनिकोडमध्ये, सगळी एकदम, आणि प्रीमिअरमध्ये नुसती पेस्ट करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आणून टाकलात तर खिचडी दिसेल. नोटपॅडची फाइल आधी व्हॉट्सॲपवर यजमानांना पाठवली की आत्याबाईंच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ तिथेच निस्तरतो. तयार व्हिडिओ परत उघडावा लागत नाही. आणखी एक: शीर्षकाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत असताना स्पेस दाबला तर व्हिडिओ चालत नाही, शीर्षकात जागा पडते. ‘क्यू’ दाबलं तर वधूच्या नावापुढे ‘क्यू’ येतो. आधी एस्केप दाबून चौकटीतून बाहेर या.

त्याचाच भाऊ म्हणजे पॅनेलचा, पडद्यावरच्या कप्प्यांचा, घोळ. प्रीमिअरमध्ये ज्या पॅनेलभोवती निळी रेघ असते, शॉर्टकट त्यालाच ऐकू जातो. इफेक्टच्या शोधचौकटीत काही टाइप केलं आणि तिथूनच ‘डब्ल्यू’ दाबलं, तर काटछाट होत नाही, शोधात ‘डब्ल्यू’ उमटतं. शोधचौकटीतून बाहेर आलात की शिफ्ट-३ ने टाइमलाइन, शिफ्ट-१ ने प्रोजेक्ट, शिफ्ट-४ ने प्रोग्रॅम मॉनिटर जागा होतो. शिफ्ट-३ ची सवय लागली की निम्मा वैताग जातो.

दाविंची रिझॉल्व्ह मोफत मिळतं, त्यामुळे नवी मुलं तिथून सुरुवात करतात, आणि ते बरोबर आहे. तिथे कटासाठी ‘कंट्रोल-बी’ आहे. ‘क्यू’सारखं काम ‘कंट्रोल-शिफ्ट’ आणि डावा चौकोनी कंस करतो, ‘डब्ल्यू’सारखं उजवा. तीन बोटांची ही कसरत दिवसाला पाचशे वेळा करायची नसेल तर ‘कंट्रोल-ऑल्ट-के’ने कीबोर्ड कस्टमायझेशन उघडा आणि दोन्ही कामं एकेका बटणावर आणा. नाहीतर वरच्या कोपऱ्यातल्या यादीतून प्रीमिअरचा तयार संच निवडा. प्रीमिअरवरून रिझॉल्व्हवर आलेले हमखास पडतात तो खड्डा डिलीटचा. प्रीमिअरमध्ये नुसतं डिलीट दाबलं तर मोकळी जागा राहते. रिझॉल्व्हमध्ये जागा ठेवतो तो बॅकस्पेस. डिलीट पुढचं सगळं ओढून घेतो. मॅकच्या लॅपटॉपवर ‘डिलीट’ लिहिलेलं बटण खरं तर बॅकस्पेस आहे. खरा डिलीट हवा तर एफएन धरून दाबावं लागतं. मॅकवाल्यांनी या पत्रात बहुतेक ठिकाणी जिथे कंट्रोल आहे तिथे कमांड आणि ऑल्ट आहे तिथे ऑप्शन वाचावं.

प्रीमिअरमध्येही बटणांची मांडणी बदलण्याची खिडकी ‘कंट्रोल-ऑल्ट-के’नेच उघडते. अख्खा कीबोर्ड दिसतो: जांभळी बटणं सगळीकडे चालणारी, हिरवी ठरावीक पॅनेलपुरती. आमचा सल्ला थोडक्याच बदलांचा आहे. ‘झेड’वर भिंगाचं टूल असतं, त्याची गरज नाही, अधिक-वजाच्या बटणांनी टाइमलाइन लहान-मोठी होतेच, आणि उलट्या तिरक्या रेघेने सगळी टाइमलाइन एका पडद्यात बसते. तर ‘झेड’वर कट आणा. ‘एक्स’वर रिपल डिलीट (तुकडा काढून पुढचं सगळं ओढून घेणारं) आणा, जे एरवी शिफ्ट-डिलीटवर, पार उजव्या टोकाला आहे. आता वर ‘क्यू-डब्ल्यू’, खाली ‘झेड-एक्स’. कापायची चारही कामं डाव्या हाताच्या दोन बोटांत आली. जुनं काम त्या बटणावरून जाईल, अशी सूचना सॉफ्टवेअर देतं. ती वाचूनच पुढे जा. संच स्वतःच्या नावाने सेव्ह करा. विंडोजवर त्याची ‘केवायएस’ फाइल डॉक्युमेंट्समधल्या अडोबीच्या फोल्डरात, तुमच्या प्रोफाइलखाली बनते. ती पेनड्राइव्हवर ठेवा. एकाच मशिनवर दोन पाळ्यांत काम चालतं तिथे दोघांचे दोन संच हवेत, नाहीतर सकाळच्या माणसाची बटणं संध्याकाळच्याला चावतात.

शॉर्टकट येऊनही काम अडखळतं त्याचं कारण बहुधा फाइलमध्ये असतं. मोबाइलचा फोर-के व्हिडिओ बऱ्याचदा एच.२६५ या दाबून लहान केलेल्या प्रकारात असतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बऱ्याच फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. ‘जे’ दाबून उलटं चालवायचं म्हणजे मशिनला आधी मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून पुढचं उलगडत यावं लागतं, आणि साधा लॅपटॉप तिथे धापा टाकतो. मग बटण दाबल्यावर सेकंदाने हालचाल होते, माणूस पुन्हा दाबतो आणि प्लेहेड भलतीकडे पळतो. अशा वेळी क्लिपवर राइट-क्लिक करून प्रॉक्सी (त्याच व्हिडिओची हलकी प्रत) बनवा, रात्रभर बनू द्या आणि सकाळी हलक्या फाइलवर कापा. ज्यांना लगेच नवा लॅपटॉप घ्यावासा वाटतो त्यांनी आधी एवढं करून बघावं.

काम संपल्यावरचा एक शॉर्टकट बरेच जण विसरतात. ‘आय-ओ’च्या खुणा टाइमलाइनवर राहिल्या आणि ‘कंट्रोल-एम’ने एक्स्पोर्टला (तयार व्हिडिओ फाइल काढायला) गेलात, तर तेवढाच तुकडा बाहेर पडतो. दोन तासांचं लग्न अकरा मिनिटांचं का झालं, हे गिऱ्हाइकाकडून कळण्यापेक्षा एक्स्पोर्टच्या आधी ‘कंट्रोल-शिफ्ट-एक्स’ने खुणा पुसलेल्या बऱ्या. रिझॉल्व्हमध्ये ‘ऑल्ट-एक्स’.

शिकायचं कसं? दोनशे शॉर्टकटचा रंगीत तक्ता भिंतीवर लावून कोणी शिकल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. रंगीत स्टिकरचा कीबोर्डही नको. तो मान खाली घालायची सवय लावतो. पहिल्या आठवड्यात फक्त ‘जे-के-एल’, दुसऱ्यात कट आणि ‘क्यू-डब्ल्यू’, तिसऱ्यात वर-खालच्या बाणांनी एका कटावरून दुसऱ्यावर उडी. सुरुवातीचे दोन-तीन दिवस वेग कमीच होतो. तिथे सोडून माऊसकडे पळणारे जास्त. मराठी मिनिटाला ३० शब्दांची शासकीय टायपिंग परीक्षा दिलेली मुलं-मुली यात पटकन पुढे जातात, कारण न बघता बटण शोधायची विद्या त्यांच्या बोटांत आधीच असते. क्लासवाल्यांनी या मुलांकडे बघावं. आणि परीक्षेत ‘हे चिन्ह कोणत्या टूलचं?’ असं विचारण्यापेक्षा दहा मिनिटांची एक मुलाखत द्यावी, माऊस काढून घ्यावा आणि सहा मिनिटांची करून मागावी. माऊस काढल्याने मनगटही वाचतं. दिवसभर क्लिप ओढणाऱ्यांच्या उजव्या मनगटात जी कळ येते, तिला कीबोर्डची कळ हाच निम्मा उतारा आहे.

आपल्या पुरवणीत एडिटिंगसाठीच्या लॅपटॉपची यादी पुन्हा छापाल तेव्हा तक्त्यात दोन रकाने वाढवावेत, ही विनंती. एक, नंबर पॅड आहे का. प्रीमिअरमध्ये टाइमलाइनवर काही निवडलेलं नसताना नंबर पॅडवर ‘अधिक ५०’ आणि एंटर दाबलं की २५ फ्रेमच्या व्हिडिओत प्लेहेड बरोबर दोन सेकंद पुढे जातो. मात्र क्लिप निवडलेली असेल तर क्लिपच सरकते, म्हणून आधी ‘कंट्रोल-शिफ्ट-ए’ने निवड काढावी. दुसरा रकाना वरच्या एफच्या बटणांचा. रिझॉल्व्हमध्ये क्लिप घुसवायला एफ-९, वरून बसवायला एफ-१० लागतं, आणि बऱ्याच लॅपटॉपवर ही बटणं एफएन धरल्याशिवाय आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त करत बसतात. काहींवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ती कायमची एफ करता येतात. ही सोय कोणत्या मॉडेलवर आहे, हे दुकानदार सहसा सांगत नाही, पुरवणीने सांगावं.

आपले,
काही व्हिडिओ एडिटर, कोल्हापूर